पाच लाखांच्या अलीकडचं आजारपण

विधानसभेचा 51 क्रमांकाचा मतदारसंघ म्हणजे उमरेड. उमरेड, कुही आणि भिवापूर हे तीन तालुके त्यात येतात. इथून निवडून गेलेले आमदार ज्या सभागृहात बसतात, ते वर्षाचा बहुतेक काळ आठशे किलोमीटर लांब मुंबईत असतं. डिसेंबरात मात्र ते नागपूरला येतं. मग उमरेडहून पहाटेची एसटी धरली, तर कामकाज सुरू व्हायच्या आत सिव्हिल लाइन्समधल्या विधानभवनापाशी पोचता येतं. राज्यातल्या फार थोड्या ग्रामीण तालुक्यांना ही सोय आहे. त्या मोजक्या दिवसांचा उपयोग आपल्या भागातल्या लेकरांच्या उपचारांसाठी कसा करून घ्यायचा, याचा हा विचार.

नागपूरचं अधिवेशन ही कुणाची मेहेरबानी नाही. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर कराराने विदर्भ मराठी राज्यात यायला तयार झाला. सरकारने दरवर्षी काही काळ आपला मुक्काम नागपूरला हलवावा आणि विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन इथे भरवावं, असं त्या करारातच लिहिलेलं आहे. मधली मोजकी वर्षं सोडली, तर 1960 पासून हा रिवाज चालू आहे. 2020 आणि 2021 मध्ये करोनाच्या काळात तो चुकला. 2022 ला अधिवेशन 19 ते 30 डिसेंबर चाललं, 2023 ला 7 ते 20 डिसेंबर, आणि 2024 ला 16 ते 21 डिसेंबर, म्हणजे फक्त सहा दिवस. दिवस इतके थोडे असतात, म्हणून ज्याची तयारी ऑक्टोबरातच झालेली असते त्याचंच काम होतं.

अधिवेशन म्हटलं की नागपूरकरांच्या डोळ्यांपुढे आधी मोर्चे येतात. यशवंत स्टेडियमजवळचे मांडव, टेकडी रोडवर अडवलेली रांग, मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवरचं बॅरिकेड. याच रस्त्यावर 23 नोव्हेंबर 1994 ला गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन 114 माणसं गेली. त्यांत बायका आणि लहान मुलं फार होती. विधानभवन हाकेच्या अंतरावर होतं. झीरो माइलजवळचं गोवारी स्मारक पाहताना मला दरवेळी वाटतं, की आपलं म्हणणं आत पोचवायला माणसाला इतकी किंमत मोजावी लागू नये. मोर्चाची गरज मी नाकारत नाही. 2023 च्या 4 डिसेंबरला राज्यातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या, तीन दिवसांनी नागपूरचं अधिवेशन सुरू झालं, आणि संप जानेवारीच्या अखेरीपर्यंत चालला. मागण्या मानधनाच्या, ग्रॅच्युइटीच्या, पेन्शनच्या होत्या. पण अंगणवाडी बंद म्हणजे लेकरांची वजनं थांबली, आहार थांबला, तपासणी पथकाला मुलं एका जागी मिळेनाशी झाली. सेविकेचं मानधन हाही बालआरोग्याचाच खर्च आहे, हे त्या दोन महिन्यांत गावोगाव दिसलं.

मोर्चा रस्त्यावर थांबतो. त्यातला मुद्दा आत जातो तो कागदावरून. त्या कागदावर काय मागायचं, हे ठरवण्याआधी आज लेकरांना काय मिळतं ते पाहू.

राज्याची आरोग्य विमा योजना 2 जुलै 2012 ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत नागपूर नव्हतं. 21 नोव्हेंबर 2013 ला ती राज्यभर गेली आणि उमरेडचा तिच्याशी संबंध आला. 2017 मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. ते केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडून पाच लाखांवर नेण्यात आलं, आणि जुलै 2024 पासून रेशन कार्डाचा रंग न पाहता राज्यातली सगळी कुटुंबं तिच्यात आली. 2024 ला तिची यादी 1356 उपचारांची होती. जन्मजात हृदयदोषाची शस्त्रक्रिया तिच्यात आहे, लहान मुलांचा कर्करोग आहे, भाजल्याचे उपचार आहेत. हे फार मोठं काम आहे. हृदयाला छिद्र असलेलं लेकरू घेऊन गहाण ठेवायला शेत शोधणारा बाप ज्यांनी पाहिलाय, त्यांना या योजनेची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

पण योजनेची घडण नीट पाहा. ती रुग्ण भरती झाल्यावर चालू होते. आरोग्यमित्राच्या टेबलावर कागद जातात, मंजुरी येते, ठरलेल्या उपचाराचे ठरलेले पैसे रुग्णालयाला मिळतात. लहानपणचं आजारपण असं पाच लाखांच्या आकड्याचं रूप घेऊन क्वचितच येतं. ते तापाचं असतं, खोकल्याचं असतं, न वाढणाऱ्या वजनाचं असतं, वर्षानुवर्षं रोज घ्यायच्या गोळीचं असतं. पाच लाखांच्या कितीतरी अलीकडे ते सुरू होतं आणि तिथेच घराला पोखरतं. लेकरांच्या आरोग्याचं संरक्षण मागताना विम्याची रक्कम वाढवून मागणं सोपं, कारण आकडा मोठा दिसतो. उमरेडच्या लेकराला आज जे कमी पडतंय ते या आकड्यात नाही, असं माझं ठाम मत आहे.

हे सिकलसेलच्या आजारावरून सर्वांत स्पष्ट दिसतं. पूर्व विदर्भात हा आजार घराघरांत माहीत आहे. अनुसूचित जातींमध्ये, आदिवासींमध्ये आणि काही इतर मागास जातींमध्ये त्याचं प्रमाण जास्त आहे. इथे लोक ‘एस-एस पॅटर्न’, ‘ए-एस पॅटर्न’ असं म्हणतात. लग्नाच्या बोलणीतही हे शब्द येतात. ए-एस म्हणजे वाहक. त्याला सहसा त्रास नसतो. आईबाप दोघंही ए-एस असतील, तर प्रत्येक गरोदरपणात लेकरू एस-एस होण्याची शक्यता चारात एक. एस-एसच्या रक्तातल्या लाल पेशी ऑक्सिजन कमी पडला की कोयत्यासारख्या वाकतात, कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडांत आणि पोटात असह्य कळा येतात. तान्ह्या लेकराचे हातपाय सुजतात, प्लीहा निकामी होत जाते, आणि साधा न्यूमोनियाही जिवावर बेतू शकतो. थंडी, ताप, शरीरातलं पाणी कमी होणं ही या कळांची नेहमीची निमित्तं. नागपूर-उमरेडकडची कडाक्याची थंडी डिसेंबरातच पडते. विधानभवनात चर्चा चालू असते, त्याच दिवसांत वॉर्डांतल्या खाटांवर ही पोरं कळा सोसत असतात.

या आजाराचं शास्त्र नागपूरला परकं नाही. मध्य भारतात सिकलसेल आहे हे सांगणारं आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोळंकी यांचं टिपण ‘लॅन्सेट’मध्ये 1958 साली आलं. पुढे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या ‘मेडिकल’मध्ये, डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 60 मुलांवर हायड्रॉक्सियुरिया या औषधाची काटेकोर चाचणी घेतली. किलोमागे रोज 10 मिलिग्रॅम, म्हणजे परदेशात वापरतात त्यापेक्षा कमी मात्रा. तेवढ्यानेही कळांचे झटके, रक्त चढवण्याची वेळ आणि भरती होण्याची वेळ, तिन्ही कमी झाली. 2012 साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच मुलांवर सिद्ध झालेला, स्वस्त गोळीचा हा उपाय आहे. त्याची अट एकच, गोळी रोज मिळाली पाहिजे आणि ठरावीक दिवसांनी रक्त तपासलं पाहिजे.

आता एखाद्या एस-एस लेकराचं वर्ष डोळ्यांपुढे आणा. रोजची हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक ॲसिड. पाच वर्षांच्या आतलं असेल तर पेनिसिलिन. दर काही आठवड्यांनी रक्ताची तपासणी. वर्षातून कधी एकदा, कधी चारदा कळांचा झटका. झटक्यात लेकरू भरती झालं तर विमा योजना कामाला येते. बाकीच्या तीनशेहून अधिक दिवसांत ते बाह्यरुग्ण असतं, आणि तिथे विमा नसतो, सरकारी दवाखाना असतो. दवाखान्यात गोळी असेल तर संरक्षण आहे, नसेल तर नाही.

यात एक बारीक मेख आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रं, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं, स्त्री रुग्णालयं त्यात आली. मेडिकल आणि मेयो ही नागपूरची दोन मोठी रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाची. तो निर्णय त्यांना लागू केलेला नव्हता. उमरेडच्या दवाखान्यातून ‘पुढे न्या’ म्हणून चिठ्ठी मिळालेलं लेकरू नागपूरला पोचेपर्यंत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलेलं असतं. आईला हे कसं कळावं? तिच्या लेखी दोन्ही सरकारी दवाखानेच.

येण्याजाण्याचंही पाहा. सिकलसेलग्रस्ताला एसटीच्या साध्या बसमध्ये मोफत प्रवासाची सवलत आहे. महिला सन्मान योजनेमुळे 17 मार्च 2023 पासून आईचं तिकीट अर्धं झालं. कापूस वेचायच्या किंवा मिरची तोडायच्या दिवसांत तिची त्या दिवशीची मजुरी बुडते, ती कोण देतं? लेकरू भरती नसेल तर कुणीच नाही. म्हणून गोळी नागपूरला न मिळता गावाजवळच्या केंद्रात मिळणं, हीच उमरेडच्या दृष्टीने सर्वांत मोठी विमा सवलत ठरेल.

आजार शोधण्याचीही तीच गत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाली. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना डॉक्टरांच्या फिरत्या पथकाने तपासायचं, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा. काही सापडलं तर पुढचा उपचार सरकारने मोफत करायचा. तीस आजारांची यादी ठरली. सिकलसेल त्या यादीच्या शेवटी ऐच्छिक म्हणून टाकलेला होता, राज्याला वाटलं तर घ्यावा असा. ऐच्छिक या शब्दाला धरूनच राज्याच्या सभागृहात बोलता येतं. आणखी दहा वर्षांनी, 1 जुलै 2023 ला, मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. 2047 पर्यंत निर्मूलन हे त्याचं उद्दिष्ट, आणि 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हा पहिला टप्पा. तपासणीचे आकडे झपाट्याने वाढतात, ते दाखवताही येतात. एस-एस निघालेल्या पोराला सलग बारा महिने औषध मिळालं का, हा आकडा सहज पुढे येत नाही. तो मागावा लागतो.

मागितल्याने काय होतं, याचं उदाहरण नागपूरनेच घालून दिलेलं आहे. संपत रामटेके यांच्या मुलाला सिकलसेल होता. त्यांनी नागपुरात सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली आणि उरलेलं आयुष्य या एका प्रश्नाच्या मागे लावलं. सिकलसेलग्रस्तांना कायद्याने अपंगत्वाचे हक्क मिळावेत, ही त्यांची मोठी मागणी. डिसेंबर 2016 मध्ये संसदेच्या हिवाळी अधिवेशनात दिव्यांग हक्क कायदा मंजूर झाला, तेव्हा त्यातल्या 21 प्रकारांत थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाच्या जोडीने सिकलसेलचं नाव आलं. 2018 ला त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. तो विजय पुरा नव्हता. नोकरीतलं चार टक्के आरक्षण ज्या प्रकारांना आहे, त्यांत रक्ताचे हे आजार नाहीत. यादीत नाव असणं आणि हक्क हातात पडणं यांत जे अंतर राहिलं, ते भरून काढायचं काम आता पुढच्यांचं आहे.

अमेरिकेचा अनुभव इथे उपयोगाचा आहे, कारण तिथेही लेकरांचं आरोग्य बरंचसं राज्यांच्या विधिमंडळांच्या हातात असतं. 1986 साली तिथल्या एका चाचणीत दिसलं, की सिकलसेल असलेल्या लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिलं तर गंभीर जंतुसंसर्ग 84 टक्क्यांनी घटतो. पण मूल आजारी पडायच्या आधी आजार माहीत हवा, म्हणजे जन्मतःच रक्त तपासायला हवं. ती तपासणी सुरू करणं प्रत्येक राज्याच्या हातात होतं. न्यूयॉर्कने ती 1975 लाच सुरू केली होती. पन्नासच्या पन्नास राज्यं तिथे पोचायला 2006 उजाडलं. पुरावा हातात आल्यावरही वीस वर्षं लागली, आणि ती राज्या-राज्यांत पालकांनी आणि डॉक्टरांनी पाठपुरावा करून ओढून आणलेली वर्षं होती. दुसरी गोष्ट काळजी घ्यायला शिकवते. 1970 च्या सुमारास काही राज्यांनी घाईने सक्तीचे कायदे केले. काळ्या मुलांची शाळेत तपासणी, लग्नाच्या परवान्यासाठी तपासणी. सल्ला द्यायला माणसं नव्हती, वाहक आणि आजारी यांतला फरक कुणी समजावला नाही. निरोगी वाहकांच्या नोकऱ्या आणि विमे गेले. आपल्याकडे ए-एस निघालेल्या मुलीचं लग्न मोडल्याच्या गोष्टी ऐकू येतात, तेव्हा हा इतिहास आठवावा. तपासणी मागताना समुपदेशकाचं पद त्याच वाक्यात मागितलं पाहिजे.

आकड्यांनी सभागृह कसं हलतं, हे गडचिरोलीने दाखवलं. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत बसवली आणि शेजारच्या 47 गावांशी ताडून पाहिली. नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली ते ‘लॅन्सेट’मध्ये आलं. त्यानंतर राज्यातल्या अनेक संस्थांनी मिळून ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. सरकारी नोंदीत जितके बालमृत्यू दिसतात त्याहून कितीतरी जास्त प्रत्यक्षात होतात, हे त्यात गावांची नोंद ठेवून मांडलं होतं. वाद पेटला, आणि सरकारने बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. 2011 मध्ये आशांनी घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याची पद्धत देशाने स्वीकारली. या साऱ्याचा पाया गावोगाव ठेवलेल्या जन्ममृत्यूच्या नोंदी हा होता.

आता कामाच्या गोष्टीकडे येऊ.

सभागृहाचा पहिला तास प्रश्नोत्तरांचा. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचं असतं, आणि त्यावर सदस्य उपप्रश्न विचारू शकतात. हे प्रश्न अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी द्यावे लागतात. म्हणून आमदारांना डिसेंबरात टेकडी रोडवर निवेदन देणं म्हणजे त्या अधिवेशनापुरता उशीर झालेलाच असतो. प्रश्नाचा मसुदा घेऊन दिवाळीच्या आधी त्यांच्या उमरेडच्या कार्यालयात जावं.

मसुदा कसा लिहावा, यावर बरंच अवलंबून असतं. विधिमंडळातल्या प्रश्नांचा एक ठरलेला साचा आहे. ‘अमुक भागात अमुक होत असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास विलंबाची कारणे काय?’ यात पहिला भाग मोघम असला, तर उत्तर येतं, ‘हे खरे नाही.’ आणि मग खालच्या प्रत्येक भागापुढे एकच वाक्य, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ एका ओळीत सगळं संपतं. समजा प्रश्न असा आहे, की ‘उमरेड तालुक्यात सिकलसेल रुग्णांचे हाल होत आहेत, हे खरे आहे काय?’ हाल झाले की नाही, हे खात्याचा अधिकारी ठरवणार. तो ‘नाही’ म्हणणार.

त्याऐवजी मोजता येईल ते विचारावं. उमरेड, कुही आणि भिवापूर तालुक्यांत एस-एस म्हणून नोंद असलेली 18 वर्षांखालील मुलं किती? त्यांपैकी मागच्या बारा महिन्यांत एकदाही खंड न पडता हायड्रॉक्सियुरिया मिळालेली किती? कोणत्या केंद्रात हे औषध किती दिवस शिल्लक नव्हतं? बालरोगतज्ज्ञाचं, प्रयोगशाळा तंत्रज्ञाचं, समुपदेशकाचं पद कधीपासून रिकामं आहे? या प्रश्नांना ‘हे खरे नाही’ असं उत्तर देता येत नाही. आकडा द्यावा लागतो, आणि तो छापील कामकाजात कायमचा राहतो. पुढच्या वर्षी तोच आकडा पुढे धरून विचारता येतं.

हे आकडे आधी आपल्याकडे हवेत. आशाताई आणि अंगणवाडीच्या बाई यांच्याइतकी माहिती तालुक्यात दुसऱ्या कुणाकडे नसते. “औषध संपलं जी, पुढच्या मंगळवारी या,” हे वाक्य कोणत्या गावात किती वेळा ऐकावं लागलं, ते आया तारखेसकट सांगतात. लेकराचं नाव उघड न करता गाव, महिना आणि औषध एवढंच लिहिलेली पन्नास घरांची वही आमदारांच्या हातात पडली, तर सभागृहात त्यांचं बोलणं बदलतं. नागपूरला डिसेंबर 2024 च्या अधिवेशनात कॅगचा राज्याच्या आरोग्यसेवेवरचा अहवाल मांडला गेला. डॉक्टर आणि परिचारिकांच्या रिकाम्या पदांवर त्यात बोट ठेवलं आहे. आपल्या वहीच्या शेजारी तो अहवाल ठेवला, की ‘हा एका गावाचा अपवाद आहे’ असं म्हणायला जागा उरत नाही.

तातडीच्या बाबीसाठी नियम 105 ची लक्षवेधी सूचना असते. मंत्र्याला निवेदन करावं लागतं, चर्चा होते. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 ला मध्यरात्रीनंतर नवजात शिशू कक्षाला आग लागून 10 बाळं गेली. भंडारा उमरेडपासून फार लांब नाही. या भागातल्या माणसांना ती रात्र आपल्याच घरातली वाटली. अशा घटनेनंतर सभागृह काही दिवस कान देऊन ऐकतं. अग्निशमनाची तपासणी, विजेच्या तारा, रात्रपाळीच्या परिचारिकांची संख्या हे सगळं त्या दिवसांत लेखी स्वरूपात मागून घ्यावं लागतं. तो काळ सरला की फायली पुन्हा खाली जातात.

सर्वांत दुर्लक्षित हत्यार म्हणजे पुरवणी मागण्या. हिवाळी अधिवेशनात सरकार वर्षाच्या मधल्या जास्तीच्या खर्चाला मंजुरी मागतं. डिसेंबर 2024 मध्ये ही रक्कम 35 हजार 788 कोटी रुपये होती. वैद्यकीय आणि सार्वजनिक आरोग्याच्या महसुली खर्चाचं मुख्य लेखाशीर्ष 2210, इमारतींसारख्या भांडवली खर्चाचं 4210. नवी इमारत मागायची सवय सगळ्यांना आहे, कारण फीत कापता येते. लेकरांचं औषध, तंत्रज्ञाचा पगार, तपासणी पथकाच्या गाडीचं डिझेल हे 2210 मध्ये येतं. मागणी कोणत्या लेखाशीर्षाखाली बसते हे निवेदनात लिहिलं, की वाचणाऱ्या अधिकाऱ्यालाही कळतं की समोरच्याने अभ्यास केलाय. शिवाय मार्चच्या अर्थसंकल्पाची आकडेमोड खात्यांमध्ये याच थंडीच्या महिन्यांत चालू असते. डिसेंबरात उठलेला मुद्दा मार्चपर्यंत ताजा राहतो. उन्हाळ्यात मागितलं तर वर्षभर थांबावं लागतं.

तारखा चुकल्या तर लेकरांचं संरक्षण किती सहज उसवतं, याचंही एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. 1997 साली त्यांनी दारिद्र्यरेषेच्या थोड्या वरच्या कुटुंबांतल्या मुलांसाठी खास आरोग्य विमा योजना काढली. तिच्या निधीची मुदत 30 सप्टेंबर 2017 ला संपली आणि नवी मंजुरी जानेवारी 2018 ला आली. मधले महिने राज्यं उरलेल्या पैशांवर ढकलत राहिली, आणि लाखो आईबाप पत्रपेटीकडे डोळे लावून होते. योजना चांगली होती, लोकांना हवी होती. तरी ती मुदतीवर अडली.

नागरिकाला थेट विधिमंडळाकडे जायचं असेल तर विनंती अर्जाची वाट आहे. सदस्याच्या मार्फत तो दाखल होतो आणि समितीपुढे जातो. आणि मंत्री सभागृहात “तीन महिन्यांत पदं भरू” असं म्हणाले, तर ते आश्वासन ठरतं. आश्वासन समिती त्याचा माग घेते. तो माग खरा ठेवायचा तर ज्याच्या गावचा प्रश्न त्यानेच तारीख लक्षात ठेवायला हवी.

उमरेडच्या हातात आणखी एक साधन आहे, ते बहुतेक तालुक्यांकडे नाही: कोळसा. 2015 च्या कायद्याने खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. खाणवाले रॉयल्टीच्या प्रमाणात त्यात पैसे भरतात. त्या निधीचा मोठा वाटा पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, महिला आणि बालकल्याण यांवर खर्च करायचा, आणि खाणीची झळ लागलेल्या गावांना आधी द्यायचा, असा केंद्राचा दंडक आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या उमरेड आणि मकरधोकड्याच्या खाणींची धूळ ज्या अंगणवाड्यांवर बसते, तिथल्या लेकरांच्या श्वसनाची आणि रक्ताची तपासणी या पैशातून व्हायला कुणाची हरकत असू नये. या निधीतली कामं जिल्हा पातळीवर ठरतात, मुंबईला जावं लागत नाही. ग्रामसभेचा ठराव जोडून तालुक्यातून प्रस्ताव गेला पाहिजे, आणि निधी कुठे खर्च झाला याचा हिशेब अधिवेशनात तारांकित प्रश्नाने मागता येतो.

पहिल्या वर्षी मागणी एकच ठेवावी असं मी म्हणेन: एस-एस असलेल्या प्रत्येक मुलाला हायड्रॉक्सियुरिया आणि रक्ततपासणी राहत्या गावाजवळच्या केंद्रात, वर्षाचे बाराही महिने. दहा मागण्यांच्या निवेदनावर शेरा एकच पडतो, ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’. एका मागणीच्या निवेदनाला होय किंवा नाही असं उत्तर द्यावं लागतं. अधिवेशन संपलं की जानेवारीत छापील कामकाज मिळवायचं, मंत्र्यांनी दिलेले आकडे आपल्या वहीशी ताडायचे, फरक असेल तो आमदारांना लेखी कळवायचा. एप्रिलमध्ये नवं आर्थिक वर्ष लागलं की आरोग्य केंद्राच्या औषध भांडारात जाऊन साठ्याची नोंद पाहायची. गोळ्या आल्या नसतील, तर पावसाळी अधिवेशनासाठीचा प्रश्न मे महिन्यातच लिहून तयार ठेवायचा.